निवडून पाठवलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष रिव्हॉल्व्हर परत घेण्यास दिलेला नकार

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने माझे बोलणे पुरे होण्याआधीच फोन ठेवला, म्हणून हे लेखी कळवत आहे. पोलीस खात्याने नव्या शस्त्रांच्या बदल्यात दिलेले स्मिथ अँड वेसन मॉडेल १०, चार इंची जाड नळीचे, .३८ स्पेशल काडतुसाचे, मी तुमच्याकडून ३९९ डॉलरला घेतले आणि ‘हँड सिलेक्ट’साठी, म्हणजे आलेल्या मालातून तपासून चांगला नग निवडून देण्यासाठी, वेगळे २५ डॉलर भरले. जाहिरातीत ‘यांत्रिकदृष्ट्या उत्तम, केवळ होल्स्टरची (कमरेच्या म्यानाची) झीज’ असे लिहिले होते.

होल्स्टरच्या झिजेबद्दल माझी तक्रार नाही. नळीच्या तोंडाशी आणि गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरच्या कडांवर ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, उडून पांढरे पडलेले पोलाद, गाडीच्या दाराला घासून खरवडलेली लाकडी मूठ, मागच्या पट्टीवरचा खात्याचा शिक्का, हे सगळे मला हवेच होते. असली तीन रिव्हॉल्व्हरे मी आजवर घरी साफसूफ करून उभी केली आहेत आणि एकाचेही पुन्हा ब्लूइंग केलेले नाही, कारण ती झीज म्हणजे कोणाच्या तरी कमरेवर गेलेली वीस वर्षे असतात.

दोष वेगळा आहे. सिलिंडरवर बोट हलकेच टेकवून घोडा (मागचा हॅमर) अंगठ्याने सावकाश मागे ओढला, की गोळ्यांच्या सहा घरांपैकी दोन घरांवर घोडा पूर्ण मागे जाऊन अडकतो, पण सिलिंडर जागेवर येऊन बसत नाही. तो बोटाने किंचित पुढे ढकलावा लागतो, तेव्हा कुठे खटका ऐकू येतो. घर आणि नळी एका रेषेत नसताना गोळी सुटली तर शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागू शकतात, हे तुमच्या धंद्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये. ही तपासणी करायला अर्धे मिनिट पुरते, आणि तेवढ्यासाठीच मी २५ डॉलर दिले होते.

आता ज्याचा मला सर्वांत जास्त मनस्ताप झाला ते सांगतो. हा दोष मला, तुम्ही ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हर पाठवले त्या इथल्या परवानाधारक डीलरच्या काउंटरवरच, फॉर्म ४४७३ (शस्त्र घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरण्याआधी, दिसला होता. मी तिथूनच, डीलरच्या देखत, तुम्हाला फोन केला आणि रिव्हॉल्व्हर ताब्यात घेऊ की परत पाठवू, असे स्पष्ट विचारले. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “आत जुने ग्रीस वाळले असेल. घरी न्या, साफ करा, चालेल.” त्यांच्या शब्दावर विसंबून मी फॉर्म भरला, पडताळणी झाली आणि रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झाले. साफ केल्यावरही दोष तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्याच प्रतिनिधीने सांगितले, “शस्त्र ग्राहकाच्या नावावर झाले की आम्ही परत घेत नाही.” मी त्यांना आदल्या दिवशीचे त्यांचेच बोलणे आठवून दिले, तर ते म्हणाले, “मी फक्त सल्ला दिला, निर्णय तुमचा होता.” तुमच्या माणसाने मला जे करायला सांगितले, त्याच गोष्टीचा आधार घेऊन तुम्ही मला नाकारत आहात, आणि हे मी कितीही विचार केला तरी मला प्रामाणिक वाटत नाही.

आजच्या फोनवर आणखी एक आरोप झाला : बाजूची झाकणपट्टी मीच उघडून बिघाड केला असणार. मी फक्त मूठ काढली होती. पट्टीची कड कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलेली आहे आणि त्या ओरखड्यात मुरलेला गंज आहे. एका रात्रीत असा गंज धरत नाही. स्क्रू काढल्यावर मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने ठोकले की ती पट्टी आपोआप वर येते, हे मी पहिल्याच रिव्हॉल्व्हरवर शिकलो. “पोलिसांची रिव्हॉल्व्हरे बाळगली खूप जातात, झाडली कमी जातात,” असेही मला ऐकवण्यात आले. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्याच्या सरावानेही सिलिंडर फिरवणारा ‘हँड’ झिजतो. माझ्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) तपासून तेच निदान केले असून रुंद हँड बसवण्याचे ११० डॉलर सांगितले आहेत.

१९९० च्या दशकापर्यंत अमेरिकेतली बहुतेक पोलीस खाती पिस्तुलांकडे वळली आणि अशा रिव्हॉल्व्हरांचे ढीग बाजारात आले. आता ते आटत चालले आहेत. जे उरले आहे ते तुमच्यासारख्यांच्या हातातून जाते. या मालाची कदर असणारी कंपनी म्हणून मी तुमची शिफारस चार मित्रांकडे केली होती, याचे आता वाईट वाटते.

पंधरा दिवसांत दुरुस्तीचे ११० आणि तपासणीचे २५ डॉलर द्यावेत, किंवा पूर्ण रक्कम परत करून, दोन्ही बाजूंचा पाठवणीचा खर्च सोसून, रिव्हॉल्व्हर माझ्या डीलरमार्फत परत न्यावे. तसे न झाल्यास मी क्रेडिट कार्ड कंपनीकडे व्यवहाराला हरकत घेईन आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार दाखल करीन. त्या दिवशी काउंटरवर हजर असलेल्या डीलरने लेखी निवेदन देण्याचे मान्य केले आहे. बिल, छायाचित्रे आणि सावकाश घोडा ओढतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे; त्यात दोन्ही सदोष घरांवर मी खडूने खूण केली आहे.

आपला ग्राहक