तीन वर्षांचा शब्द सव्वादोन वर्षांत मोडला, त्याबद्दल : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य, पर्वरी.

सादर नमस्कार.

फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्या भाजप पक्षाने पणजीत संकल्प पत्र, म्हणजे निवडणुकीचा जाहीरनामा, प्रसिद्ध केले. त्यातली दोन आश्वासने माझ्यासारख्या संसार चालवणाऱ्या बाईच्या थेट हिशेबाची होती. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत मिळतील, हे एक. आणि पेट्रोल-डिझेलवरचा राज्याचा कर पुढची तीन वर्षे वाढणार नाही, हे दुसरे. 14 फेब्रुवारीला मतदान झाले, 10 मार्चला निकाल लागला, 40 पैकी 20 जागा आपल्या पदरात पडल्या आणि महिनाअखेरीस आपण पुन्हा शपथ घेतली.

जून 2024 मध्ये आपल्याच सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट, म्हणजे हाच राज्याचा कर, वाढवून 21.5 टक्के आणि डिझेलवरचा 17.5 टक्के केला. पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने वाढले, डिझेल 36 पैशांनी. लोकसभेचा निकाल त्याच महिन्याच्या 4 तारखेला लागला होता. दिलेली तीन वर्षे पुरी व्हायला अजून नऊ महिने बाकी होते.

एका रुपयाने कोणाची चूल विझत नाही, हे मलाही कळते. हे पत्र त्या रुपयासाठी लिहिलेले नाही. तो रुपया वाढल्यावर लोक कसे वागले, ते मी रोज पाहते आणि ते आपल्यापर्यंत कोणी पोचवत असेल असे मला वाटत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी डिचोलीत छोटी खाणावळ आहे. दुपारी शीतकडी, म्हणजे भात-कालवण, खायला पायलट (मोटारसायकलवरून भाडी मारणारे) येतात, टेम्पोवाले येतात, बँकेतले, पंचायतीतले, शाळेतले लोक येतात. गावागावांतून बाजाराला आलेल्या बायका येतात. राजकारण इथे पानाबरोबर वाढले जाते. त्या आठवड्यात पेट्रोल वाढले तेव्हा मला वाटले होते, आज जेवणावळीत भांडणेच होतील. तसे काही झाले नाही. एक पायलट हात धुता धुता म्हणाला, "मते पडली ना, आता वाढणारच." शेजारच्याने मान डोलावली आणि त्याने पापलेटाचा भाव काढला. विषय तिथेच संपला. आपल्या विरोधात कोणी बोलले नाही, बाजूनेही नाही. तीन वर्षांच्या आश्वासनाची आठवण कोणी काढली नाही, कारण ते पाळले जाईल असे कोणी धरलेच नव्हते. मुख्यमंत्री साहेब, मला त्या दुपारी भीती वाटली ती या गोष्टीची.

गोव्याचा मतदार असा नव्हता. 1978-79 साली विद्यार्थ्यांना बसभाड्यात 50 टक्के सवलत मिळावी म्हणून केवढे आंदोलन पेटले होते, ते आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात. मुले रस्त्यावर उतरली होती आणि त्यांच्यामागे घरेच्या घरे होती. मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांचे सरकार एप्रिल 1979 मध्ये पडले, त्याला आमदारांची फाटाफूट आणि इतरही कारणे होती. पण 1980 च्या निवडणुकीत त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष 30 पैकी 7 जागांवर आला. बसच्या तिकिटाचे काही पैसे हा ज्या गोव्यात सरकारला घाम फोडणारा प्रश्न होता, त्याच गोव्यात आज लेखी आश्वासन मोडले तर लोक जेवण थांबवत नाहीत.

शब्द पाळला की काय होते, तेही याच लोकांनी पाहिले आहे. 2012 मध्ये भाईंनी, म्हणजे मनोहर पर्रीकरांनी, पेट्रोल स्वस्त करू असे सांगून मते मागितली. निवडून आल्यावर व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला आणि एप्रिलमध्ये पेट्रोल लिटरमागे 11 रुपयांनी उतरले. 66 च्या घरातले पेट्रोल 55 च्या घरात आले. सिंधुदुर्गातल्या गाड्या सीमेवरच्या पत्रादेवीला टाकी भरायला येत, त्याचा इथल्या माणसाला अभिमान वाटे. त्यानंतर तो कर हळूहळू परत चढत गेला. एकदम चढला असता तर गाजावाजा झाला असता. आज तो 2012 च्या आधी होता त्यापेक्षाही वर आहे. प्रत्येक वेळी अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवशी पंपावरचा आकडा बदलला. आम्ही हे का करतो आहोत, असे कोणी समोर येऊन सांगितल्याचे माझ्या ग्राहकांपैकी कोणाला आठवत नाही.

लोक शिकले ते असे. त्यांनी तारखा जोडल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये दिवाळीच्या तोंडावर केंद्राने पेट्रोल 5 आणि डिझेल 10 रुपयांनी उतरवले आणि आपण त्यावर राज्याचे 7 रुपये आणखी कमी केले. आमच्याकडे टेम्पोवाल्यांनी त्या दिवशी पेढे वाटले होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मग निवडणूक होईपर्यंत तेल कंपन्यांचे भाव जागचे हलले नाहीत. 10 मार्चला निकाल, 22 मार्चला पहिली वाढ, आणि 6 एप्रिलपर्यंत पेट्रोल 10 रुपयांनी वर. ती वाढ तेल कंपन्यांची होती, आपली नव्हती, हे मान्य. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये सिलिंडर 200 रुपयांनी उतरला, मार्च 2024 मध्ये लोकसभेच्या तोंडावर आणखी 100 रुपयांनी, त्याच महिन्यात पेट्रोल-डिझेल 2 रुपयांनी. एप्रिल 2025 मध्ये सिलिंडर 50 रुपयांनी चढला. यातला कोणता निर्णय दिल्लीचा आणि कोणता पर्वरीचा, हा भेद शिकलेला माणूस करील. दाराशी सिलिंडर उतरवून घेणारी बाई करत नाही. मते मागायच्या आधी उतरते आणि मते पडल्यावर चढते, एवढेच तिच्या मनावर कोरले गेले आहे.

आता सिलिंडरचे सांगते. प्रत्येक कुटुंबाला तीन, असे संकल्प पत्रात होते. शपथविधीनंतर लगेच मंत्रिमंडळाने निर्णय घेतल्याचे जाहीर झाले तेव्हा आमच्या वाड्यावरच्या बायकांनी गॅसची पुस्तके शोधून काढली होती. आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी देवघरातल्या फडताळात ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. विचारायला कुठे जायचे ते कळत नव्हते. एजन्सीवाला म्हणे, आमच्याकडे काही आलेले नाही. पंच म्हणे, येईल. सप्टेंबर 2023 मध्ये जी योजना प्रत्यक्ष आली ती अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या, रेशनकार्डधारकांना महिन्याला 275 रुपये देणारी होती. अंत्योदयच्या घरांना ते पैसे मिळाले, फार चांगले झाले, ती घरे खरोखरच गरजू आहेत. पण 'प्रत्येक कुटुंब' हे शब्द कधी आणि कोणत्या बैठकीत गळाले? घरकामाला जाणाऱ्या बाईचे कार्ड अंत्योदयचे नसते, पायलटाच्या बायकोचे नसते. त्यांना कोणी सांगितले नाही की तुम्ही यात नाही. त्या पिशव्या तशाच फडताळात राहिल्या आणि मग कधीतरी त्यातले आधार कार्ड दुसऱ्या कामाला काढले गेले.

महागाई झाली म्हणून लोक सरकारवर उठतात, असे आपल्या आजूबाजूचे लोक आपल्याला सांगत असतील. माझा अनुभव वेगळा आहे. गेल्या काही काळात नारळ 40-50 रुपयांवर गेला. आमच्या धंद्यात नारळ म्हणजे काय हे मी सांगायला नको, कालवणात खोबरे कमी पडले की पहिल्या घासाला गिऱ्हाईक मान वर करते. पण नारळासाठी आपल्याला कोणी बोल लावला नाही. माड कमी लागले, माकडांनी नासधूस केली, नारळ पाडणारे पाडेली मिळत नाहीत, हे लोकांना ठाऊक आहे. बेळगावात पाऊस जास्त झाला की चोर्ला घाटातून येणारी भाजी महागते, हेही ठाऊक आहे. 2020 मध्ये कांदा भडकला तेव्हा सरकारने रेशनकार्डावर 3 किलो कांदा 32 रुपये किलोने दिला होता. तो लोकांनी रांगा लावून घेतला आणि नाव घेतले. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर चार पैसे स्वस्त भाजी मिळते, त्याबद्दलही लोक कृतज्ञ असतात. म्हणजे भाव का चढतो हे मतदाराला कळते. सरकारने आपणहून शब्द दिला आणि न सांगता काढून घेतला, हे मात्र त्याला लागते. एकदा लागल्यावर तो पुन्हा लागू देत नाही. म्हणजे पुढचा शब्द ऐकतच नाही.

मग तो काय करतो? मतदानाला जातो. गोव्यात मतदान चांगलेच होते, त्यावर जाऊ नका. पण तो जाताना वेगळा हिशेब करतो. पाच वर्षांत काय होईल ते सोडून देतो आणि या पंधरवड्यात हातात काय पडते ते बघतो. आमच्या स्वयंसाहाय्य गटात मागच्या वेळी एका बाईने सरळ सांगितले, जाहीरनामा मला वाचून दाखवू नका, गृह आधारचे थकलेले हप्ते कधी जमा होतील तेवढे विचारा. ती चुकीचे बोलत नव्हती. गृह आधार ही योजनाच मुळात 2012 मध्ये वाढत्या महागाईत गृहिणीला आधार म्हणून निघाली, तेव्हा 1000 रुपये होते, आज 1500 आहेत. ते वेळेवर आले तर ती आनंदी, नाही आले तर दुसरा जो कोणी रोख देईल तो तिचा. आणि रोख देणारे निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात किती निघतात, हे आपल्याला मी सांगायची गरज नाही. आश्वासन कवडीमोल झाले की मताला किंमत लावणारे दारात उभे राहतात. आपल्यासारख्या कार्यकर्त्यातून वर आलेल्या माणसाला हे नको असणार, अशी माझी खात्री आहे.

आपले मतदारसंघ लहान आहेत. 2022 मध्ये सांखळीत आपण 666 मतांनी निवडून आलात. पणजीत फरक 716 मतांचा होता, सांत आंद्रेत 76 मतांचा. एका वाड्यावरच्या काही घरांनी मनातल्या मनात पाठ फिरवली तर आमदार बदलतो, आणि ती पाठ फिरवताना ही घरे मोर्चा काढत नाहीत, निवेदन देत नाहीत, पत्रही लिहीत नाहीत. 2017 मध्ये आपला पक्ष 21 वरून 13 वर आला आणि खुद्द मुख्यमंत्री पार्सेकर मांद्र्यात हरले. शाळांतल्या शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न होता, आपसातले वाद होते, ते सगळे खरे. पण निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्या खाणावळीत कोणी आवाज चढवलेला मला आठवत नाही.

सरकारची बाजू मला कळत नाही असे नाही. आम्ही खाणपट्ट्यातली माणसे आहोत. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या, तेव्हा माझ्या दुपारच्या पंगतीतले ट्रकवाले एका महिन्यात दिसेनासे झाले. ट्रक दारात गंजले. राज्याच्या तिजोरीचे काय झाले असेल ते आम्हाला आमच्या गल्ल्यावरून समजले. अशा वेळी पेट्रोलवर कर लावावा लागतो, असे आपण समोर येऊन म्हटले असते तर या तालुक्यातल्या कोणी आपल्याशी भांडण काढले नसते. महाराष्ट्रापेक्षा आपल्याकडे इंधन अजूनही स्वस्त आहे, हे उत्तरही खरे आहे. पण आपण शब्द महाराष्ट्राशी तुलना करून दिला नव्हता.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तीन सिलिंडरच्या आश्वासनाचे काय झाले, ते किती कुटुंबांना, किती काळ, किती खर्चाने देता आले आणि उरलेल्यांना का देता येत नाही, हे विधानसभेत उभे राहून एकदा सांगा. सांखळीच्या बाजारात सांगितलेत तर आणखी बरे. व्हॅट टक्क्यात असल्यामुळे मूळ भाव चढला की राज्याचा वाटा आपोआप चढतो. तो लिटरमागे ठरावीक रुपयांत बांधता येईल का, याचा विचार अर्थखाते आपल्याकडेच आहे म्हणून आपणच करू शकता. आणि पुढच्या वेळी अधिसूचना काढण्याच्या आदल्या दिवशी कारण सांगा, मग कर वाढवा. लोक कुरकुरतील. कुरकुरू देत. कुरकुरणारा माणूस अजून आपल्याकडून काहीतरी अपेक्षा धरून असतो.

2027 च्या निवडणुकीसाठी नवे संकल्प पत्र येईलच. त्याच्या पहिल्या पानावर 2022 च्या या दोन आश्वासनांचा हिशेब छापा. पेट्रोलच्या कराखाली जून 2024 ही तारीख लिहा आणि तो निर्णय का घ्यावा लागला ते दोन ओळींत लिहा. मी ते पान माझ्या खाणावळीच्या भिंतीवर, दराच्या फलकाशेजारी लावीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगेन.

आपली नम्र,
डिचोलीतील एक खाणावळ चालवणारी मतदार