काळी एकपर्यंत उतरून आल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

तुम्हांला मराठी वाचता येत नाही आणि हे पत्र तुमच्यापुढे बसून मलाच उलगडून सांगावे लागेल, हे ठाऊक असूनही मी ते मराठीतच लिहितो आहे. कारण मेकन शहरी तुमच्या बँडसोबत तबला वाजवला त्या शनिवारी माझ्या मनाचे जे झाले ते मला दुसऱ्या भाषेत मांडता येत नाही, आणि माझ्या माणसांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात येऊन मला अकरा वर्षे झाली. या काळात एका बँडने मला झगमगीत कुर्ता घालून रंगमंचाच्या अगदी पुढे बसवले, पण माइक असा लावला की माझा डग्गा मलाही ऐकू येईना. एका स्टुडिओने कळवले की येण्याची तसदी नको, चार मात्रांचा तुकडा वाजवून पाठवा, पुढचे संगणक पाहून घेईल. अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रणात क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेला ड्रम्सचा एक छोटा तुकडा पुढे असंख्य गाण्यांत उचलला गेला आणि त्याचा मोबदला त्यांच्या पदरी जवळजवळ पडलाच नाही, हे माहीत असल्यामुळे मी त्या निरोपाला उत्तर दिले नाही. आपली मंडळी तरी कुठे वेगळी? गणेशोत्सवात तबल्याच्या साउंडचेकला वेळ जातो म्हणून कराओके ट्रॅक लावून मोकळी होतात.

आपली ओळख कशी झाली ते इथे सांगत बसत नाही. पाठीशी कोणतीही कंपनी नसताना कार्यक्रमांच्या मिळकतीतून रेकॉर्ड काढणारे आणि गाडीच्या डिकीतून त्या स्वतः विकणारे तुम्ही, तुमच्या वाजवण्यात मला घरच्या खुणा आधीपासूनच ऐकू येत होत्या. फंक या अमेरिकन संगीतप्रकारात सारा भार पहिल्या मात्रेवर टाकतात आणि तिला ‘द वन’ म्हणतात. ती आमची समच. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीतले वादक स्नेअर ड्रमचा ठोका केसभर उशिरा टाकून सोल संगीतातल्या गाण्याला जो रेलून बसल्यासारखा डौल देत, तो तुमच्या ड्रमवादकाच्या हातात मुरलेला आहे. आणि मेकनलाच बिऱ्हाड केलेले, ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचे गिटारवादक डुएन ऑलमन औषधाची काचेची बाटली बोटात घालून तारांवर सरकवीत, तशी तुमची काच सरकते तेव्हा रॉकच्या गदारोळातही मला मींड ऐकू येते.

तरीही त्या दिवशी तुमच्या घरामागच्या शेडमध्ये मी धास्तावूनच बसलो होतो. गाणे पांढरी दोनमध्ये (पाश्चात्त्य डी) होते आणि माझा तबला काळी एकचा (सी शार्प). अर्धा स्वर चढवायचा तर तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागणार, वरची कातड्याची पुडी जुनी, ती फाटली तर अटलांटात दुसरी कुठून आणायची? माझी हातोडी घुटमळताना तुम्ही पाहिली. काही न विचारता खाली वाकून तबल्याशी कान आणलात, मला ‘ना’ वाजवायला सांगितलात, आणि गिटारच्या सहाही तारा एकेक करून सावकाश उतरवू लागलात. बासवादकाने न बोलता आपल्या चार उतरवल्या. ऑर्गनवादकाने काळ्या पट्ट्यांकडे पाहून एक लांब उसासा टाकला खरा, पण ट्रम्पेटवाला हसून म्हणाला की त्याला हाच स्वर अधिक सोयीचा. या साऱ्याला दहा मिनिटेही लागली नसतील. अकरा वर्षे मी इतरांच्या पट्टीला जुळवून घेत आलो होतो. सबंध बँड माझ्या पट्टीला आलेला मी प्रथमच पाहिला, आणि पहिल्या समेवर माझा हात थरथरला तो त्यामुळे, तालाच्या भीतीने नव्हे.

नंतर जेवताना तुम्ही मामा लुईझ, म्हणजे लुईझ हडसन या खानावळवाल्या बाईंचा विषय काढलात (इथे ‘मामा’ म्हणजे आई). ऑलमन ब्रदर्स नावारूपाला येण्यापूर्वी, खिशात पुरेसे पैसे नसताना एच अँड एच या खानावळीत येत, एकदोन ताटांत सगळे वाटून खाऊ पाहत, आणि लुईझ हडसन प्रत्येकापुढे स्वतंत्र ताट ठेवीत, ही गोष्ट त्या गावात सगळ्यांना पाठ आहे. वांशिक भेदाच्या जखमा ताज्या असलेल्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय बाईने लांब केसांच्या, बहुतांशी गोऱ्या पोरांना असे जेवू घातले. मेकनच्या संगीताविषयी लिहिताना लोक स्टुडिओंची आणि कंपन्यांची नावे घेतात. मला त्या ताटांचा उल्लेख आधी करावासा वाटतो. तुम्ही मात्र ती गोष्ट सांगताना स्वतःच्या त्या सहा तारांविषयी अवाक्षर काढले नाही, जणू त्या आपोआपच उतरल्या होत्या.

पुण्याहून पांढरी दोनचा तबला मागवला आहे. तो पोहोचला की याच गाण्यासाठी पुन्हा मेकनला येईन. त्या दिवशी कृपा करून गिटारच्या खुंट्यांना हात लावू नका.

आपला,
तबलेवाला