मिसिंगचं मूळ शोधून काढणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

गाडी घ्यायला आले तेव्हा तुमच्या दारात पुढची गाडी उभी होती, त्यामुळे आभार मानायचे ते घाईघाईत मानून निघाले. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण नाशकात एमएच-15 पासिंगच्या, पंधरा वर्षं उलटलेल्या पेट्रोल गाड्या जिवापाड जपणारी पुष्कळ माणसं आहेत. माझ्या गाडीचं मिसिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका मध्येच चुकणं, तुम्ही कसं शोधलंत हे त्यांनाही कळायला हवं.

गाडी 2005 ची, चार सिलिंडरची, एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर. इंदिरानगरहून दिंडोरीला शाळेत जायचं तर मला तिच्याशिवाय सोय नाही. रस्त्यावर तिची काहीच तक्रार नसायची. म्हसरूळ मागे टाकलं की सुतासारखी सरळ पळायची. पण द्वारका चौकात सिग्नल लागला की थरथर सुरू. स्टिअरिंग हाताला जाणवेल इतकं हलायचं, आरपीएमचा काटा साडेआठशेवरून सहाशेला यायचा, एसी लावला तर गाडी बंदच पडायची. एव्हरेज उतरलं होतं आणि मागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास यायचा. पीयूसीला एचसीचा, म्हणजे धुरातल्या न जळलेल्या पेट्रोलचा आकडा मर्यादेच्या वर गेला. चेक इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नाही.

तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी नवे स्पार्क प्लग टाकले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली आणि थ्रॉटलचा स्क्रू पिळून आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वर चढवून दिलं. चार दिवस बरं वाटलं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर जोडायला गेले तर गाडीला ते सॉकेटच नाही. मग निदान झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय, जुना कुठे मिळतो का बघा. ईसीएमची किंमत ऐकून घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारलेत. थंड असताना जास्त हलते की गरम झाल्यावर? रेस दिली की थरथर जाते का? काटा वरखाली झुलतो की एकाच जागी राहून गाडी धक्के देते? माझी उत्तरं पूर्ण ऐकून घेतलीत. मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरलात आणि मलाही धरायला लावलात. फुस, फुस, फुस आणि मध्येच एक रिकामा ठोका, ठरलेल्या अंतराने. "ताई, एकच सिलिंडर झोपलाय. आधी तो कुठला ते बघू, पार्टचं मग बोलू," असं तुम्ही म्हणालात. मला हायसं वाटलं ते तिथेच.

मग गाडी चालू ठेवून तुम्ही इंजेक्टरचे कपलर, म्हणजे विजेची जोडणी, एकेक करून काढलेत. पहिला काढला, इंजिन आणखी दबलं. दुसरा काढला, पुन्हा दबलं. तिसरा काढला तर आवाजात काडीचाही फरक नाही. चौथ्याला परत दबलं. म्हणजे तिसरा आधीपासूनच काम करत नव्हता. प्लगची वायर का नाही काढत, असं तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलाने विचारलं, तेव्हा तुम्ही त्याला हातातलं काम थांबवून समजावलंत: वायर काढली तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. कपलर काढला की पेट्रोलच बंद होतं.

तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. वायरींचीही तशीच अदलाबदल. मिसिंग जागचं हललं नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐकलंत, टिकटिक चौघांचीही सारखी होती. मीटरने इंजेक्टरचे ओहम (विजेला होणारा रोध) मोजले, तेही सारखेच. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलंत, तिथेही तिसरा कुठे कमी नव्हता. स्पार्क आहे, इंजेक्टर चालतोय, कॉम्प्रेशन आहे. मग काय?

उत्तर प्लगवरच होतं, आणि ते तुम्ही ज्या पद्धतीने दाखवलंत ते मी विसरणार नाही. चारही प्लग ओळीने फडक्यावर मांडलेत. तीन काजळी धरल्यासारखे काळे, तिसऱ्याचा पांढुरका. पांढुरका म्हणजे त्याच्याकडे हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि बाकीचे काळे का? तर ऑक्सिजन सेन्सर चौघांच्या धुरात मिळून एकच. तिसऱ्याकडून येणारा जादा ऑक्सिजन बघून तो सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम चौघांनाही वाढवून देतो. तिसऱ्याला ते तरीही पुरत नाही, बाकीच्या तिघांना मात्र जास्त होतं. वास, उतरलेलं एव्हरेज, काळे प्लग, पीयूसीचा आकडा, सगळ्याचा उलगडा एका फडक्यावर झाला. ज्या ईसीएमला बदलायला सांगितलं होतं तो बिचारा मिळालेल्या माहितीवर बरोबर काम करत होता. विज्ञान शिकवणाऱ्या मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवलं.

हवा कुठून घुसते हे शोधतानाही तुमची रीत तीच. गळती चौघांच्या सामाईक जागी असती तर आयडल चढलं असतं, एकच सिलिंडर झोपतोय म्हणजे ती त्याच्याच तोंडाशी आहे, हे तुम्ही आधी बोलून दाखवलंत. मग साध्या पाण्याची स्प्रेची बाटली घेतलीत. कार्ब क्लीनर मारून बघतात पुष्कळ जण, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेट घेऊ शकतो, म्हणून तुम्ही तो टाळता. सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर थोडं पाणी मारलंत, काही नाही. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी मारलंत आणि इंजिन दोन-तीन सेकंद एकदम गुळगुळीत चाललं. पाणी आत ओढलं गेलं, परत थरथर. तुमच्याकडे शिकणारा मुलगा तर ओरडलाच. तुम्ही नुसते हसलात आणि पुन्हा एकदा मारून खात्री केलीत.

इंजेक्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या खालची रबरी रिंग तुम्ही माझ्या हातात दिलीत. नखाने दाबली तरी दबेना, इतकी कडक झालेली, आणि एका बाजूला केसाएवढी चीर. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत ओढ जास्त असते, तेव्हा त्या चिरेतून घुसणारी हवा भारी पडते. थ्रॉटल उघडला की एवढी हवा आत येते की त्या चिरेची काय कथा. दिंडोरी रोडवर गाडी चांगली आणि द्वारकेला वाईट का, हे मला तेव्हा कळलं.

चारही रिंगा बदलल्यात, कारण बाकीच्या तीनही त्याच वयाच्या. पिळून ठेवलेला थ्रॉटलचा स्क्रू जागेवर आणलात, बॅटरीची तार काढून पुन्हा लावलीत आणि गाडी गरम होऊन आयडल बसेपर्यंत मला थांबवून घेतलंत. एसी लावून दाखवलात. काटा जागचा हलला नाही. बिलात रिंगांचे किरकोळ पैसे आणि तुमची मजुरी, वेगवेगळी लिहिलेली.

काका, ती मजुरी फार कमी होती. तुम्ही माझ्या गाडीला जवळजवळ अख्खी सकाळ दिलीत. त्यातला बराचसा वेळ नुसता तपासण्यात गेला, आणि त्या वेळाचे पैसे मागायला तुम्ही संकोचता असं मला वाटलं. कृपा करून संकोचू नका. रिंगा कोणीही बसवल्या असत्या. मी पैसे दिले ते त्या तपासणीचे, आणि पुढच्या वेळी जास्त दिले तर परत करू नका.

पीयूसी आता पहिल्या फटक्यात निघाली. तुम्ही सांगितलेला रेडिएटरचा वरचा होज आणून ठेवलाय, शाळेच्या परीक्षा संपल्या की घेऊन येते. शिकणाऱ्या मुलालाही माझे आभार सांगा, त्याने त्या दिवशी फार चांगले प्रश्न विचारले.

आपली कृतज्ञ,
इंदिरानगरची बाई,
नाशिक