त्या दोन कॉलेजांतल्या माणसांचे आभार
बहिणीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून कदंबा या सरकारी बसने पणजीला पोचलो, तर बीएस्सीच्या जागा भरलेल्या. घरात बारावीच्या पुढे जाणारी ती पहिलीच. तिथेच रडू लागली. खिडकीवरच्या बाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सरळ दुसऱ्या कॉलेजला फोन लावला. दोन्ही गोवा विद्यापीठाचीच, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत त्यांची चुरस केवढी! तरी तिकडचे क्लार्क सर आमच्यासाठी साडेपाचपर्यंत थांबले. उत्पन्नाचा दाखला घरी राहिला होता. "सोमवारी आणा," म्हणाले. त्याआधी पहिल्या कॉलेजातून निघताना बाईंनी मार्कशीटच्या झेरॉक्स स्वतः काढून दिल्या, एकीच्या पाठीमागे पेन्सिलीने सत्तरीतल्या वाळपईच्या शेवटच्या बसची वेळ लिहिली. तो कागद बहिणीने अजून जपलाय. बाई, सर, तुमची नावं विचारायची राहिली. देव बरें करूं.