थायरॉईडचा ‘पॉवर’ बदलण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी मदतनीस आहे. चार वर्षांपासून थायरॉईडची गोळी घेते. आमच्या गावात अशा बऱ्याच बाया आहेत. भेटलो की पहिला प्रश्न, ‘तुझा पॉवर किती झाला?’ पॉवर म्हणजे गोळीचा डोस. पॉवर का वाढला, का उतरला, हे मात्र डॉक्टरांना कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझी सुरुवात 50 मायक्रोग्रॅमने झाली. टीएसएच, म्हणजे गोळी कमी पडली की रक्ताच्या रिपोर्टात वाढलेला दिसतो तो आकडा, उतरेना, म्हणून 75 झाली, मग 100. गर्दीच्या दवाखान्यात रिपोर्ट पाहून आकडा बदलून मिळायचा. गोळी कशी घेता, हे तिथे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे पाचला उठायचं, वावरात जायची घाई. नंतर विसरते म्हणून थायरॉईडची, कॅल्शियमची आणि रक्तवाढीची, तिन्ही गोळ्या चहासोबत एकदमच घ्यायची. तीन वर्षं असंच चाललं.

मागच्या दिवाळीआधी दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. रिपोर्ट बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “ताई, उठल्यापासून काय काय पोटात जाते, ते सांगा.” सोयाबीनच्या वड्या किती खाता, हेसुद्धा विचारलं. मग समजावलं, की कॅल्शियम आणि लोह या गोळीला पोटातच अडवतात, रक्तात पुरती जाऊ देत नाहीत. म्हणून त्या गोळ्या चार तासांनी घ्यायच्या. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. सहा आठवड्यांनी रक्त तपासून या, असं त्यांनी बजावलं होतं.

कापूस फुटला होता, मी गेले नाही. इकडे गोळी आता पुरती अंगी लागत होती. छाती धडधडायची, झोप उडाली, खिचडीचं भगुणं उतरवताना हात थरथरायचे. घाबरून मी गोळीच बंद केली, कोणाला न विचारता. आठ-दहा दिवस बरं वाटलं. हे औषध अंगातून निम्मं उतरायलाच साधारण आठवडा लागतो, हे मला नंतर कळलं. पुढे अंग जड झालं, जिना चढवेना.

शेवटी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. 75 ची गोळी दिली आणि पुन्हा सहा ते आठ आठवडे थांबायला लावलं, कारण डोस बदलला की टीएसएच स्थिर व्हायला तेवढे दिवस लागतात. त्यानंतर टीएसएच 2.6 आला, म्हणजे नॉर्मल.

शेजारच्या काकूंचा टीएसएच 0.1 आला होता. ‘कमी आला’ म्हणून त्यांनी दीड गोळी सुरू केली! वय 66, त्यात बीपी. गोळी घेणाऱ्याचा टीएसएच इतका खाली जाणं म्हणजे बहुधा डोस जास्त होतोय, आणि त्याचा भार हृदयावर, हाडांवर पडतो. मी त्यांना हात धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि गोळी कशी घेते, एवढं प्रत्येकीला विचारा. बायांनो, तुम्ही घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

सगळ्यात जास्त काळजी मला गरोदर मुलींची वाटते. त्या दिवसांत या गोळीची गरज बहुतेकींना वाढते आणि नेमक्या तेव्हाच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. आमच्या गल्लीतल्या एका सुनेची पाळी चुकली, तशी मी तिला तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. तिचा डोस लगेच वाढवला.

आपली,
एक अंगणवाडी मदतनीस
ता. दारव्हा, जि. यवतमाळ