दिव्यांगांचं अनुदान वाढलं, पण उत्पन्नाची ५० हजारांची अट कधी वाढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बजेट आलं की कुठल्या खात्याला किती कोटी ते सगळीकडे छापून येतं, टीव्हीवर चर्चा होते, पण दिव्यांगांच्या योजनेतला पैसा नक्की कुणाच्या खात्यात जातो आणि कुणाचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येतो याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझी धाकटी बहीण सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत) आहे, आईवडील शेतमजूर, मी पुण्यात कंपनीत कामाला. त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचाच आहे.

आधी जे चांगलं झालं ते सांगतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १५०० मिळायचे ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले, श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांनाही तेवढेच. त्याच्या आधी जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते, तेव्हा मागणी ६००० ची होती आणि ती काही हवेतली नव्हती, आंध्रात २०२४ पासून दिव्यांगांना ६००० मिळतात, पूर्ण परावलंबी असेल तर १५०००, आणि शेजारच्या तेलंगणातही आपल्यापेक्षा जास्तच आहेत. तरी हजार वाढले ते वाढले, त्याबद्दल सरकारचे आभारच आहेत. मोठ्या माणसाच्या डायपरचं एक पाकीट साडेतीनशे-चारशेला येतं आणि ते आठवडाभरही पुरत नाही, त्यामुळे हजार रुपयांची किंमत काय असते ते आमच्या आईला विचारा.

पण ही वाढ उपकार म्हणून बघू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की इतरांसाठी जी मदत असेल त्यापेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त पाहिजे. कायदा २०१७ ला लागू झाला आणि २०२३ मध्ये अनुदान वाढवलं तेव्हासुद्धा सगळ्यांना सरसकट १५०० च ठेवले, म्हणजे जे कायद्याने द्यायचंच होतं ते इतक्या उशिरा दिलं.

आता मुख्य मुद्दा. रक्कम वाढली पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे तिथेच आहे, ५० हजार रुपये. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. साधा हिशोब करून बघा, रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, त्या दराने नवराबायको दोघांनी वर्षात एक्क्याऐंशी-एक्क्याऐंशी दिवस काम केलं तरी कुटुंब ५० हजारांच्या वर जातं. म्हणजे वर्षातले उरलेले नऊ महिने घरी बसलं तरच ते कुटुंब गरीब धरायचं का? आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना तर जास्त काम करावं लागतं, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात न्यायला गाडीभाडं, हे कुठून आणायचं.

याच राज्यात लाडकी बहीण योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. बहिणींना पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे, आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांचा त्याच्यावर किराणा येतो. पण धडधाकट बाईसाठी अडीच लाख आणि स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही अशा मुलीसाठी ५० हजार, हा हिशोब मंत्रालयात कोण मांडतं ते एकदा कळू द्या. तोच नियम दिव्यांगांना लावायला काय हरकत आहे? UDID वगैरे इंग्रजी अक्षरांचं दिव्यांगांचं ओळखपत्र, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, सगळं तपासून झालेलं असतंच की.

ही अट माणसाला काय करायला लावते ते सांगतो. मला नोकरी लागल्यावर उत्पन्नाचा दाखला काढायला गेलो तर मला सांगण्यात आलं की मुलगा कमावता आहे, तुमचं नाव रेशनकार्डावरून कमी करून वेगळं कार्ड काढा मग बघू. सांगणारा माणूस वाईट नव्हता, तो आमच्या भल्याचंच सांगत होता आणि गावोगाव लोक हेच करतात. पण भावाने बहिणीपासून कागदावर वेगळं व्हायचं तेव्हा तिला पेन्शन, हे कुठल्या योजनेत बसतं?

आणि मिळायला लागल्यावरही सुटका नाही. दरवर्षी हयातीचा दाखला. बहिणीची मूठ कायम आवळलेली असते, आई एकेक बोट उलगडून अंगठा मशीनवर दाबून धरते, तोवर हात परत आखडतो, मशीन लाल दाखवतं, मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करतात, बहीण घाबरून रडायला लागते. अशांसाठी घरी येऊन तलाठ्याने किंवा आशाताईने फोटो काढून नोंद केली तर काय बिघडेल, निवडणुकीत घरी येऊन मत घेतात ना दिव्यांगांचं.

कलम २४ मध्ये अजून एक गोष्ट आहे, ज्यांना चोवीस तास आधार लागतो त्यांच्या सांभाळणाऱ्यासाठी भत्ता. आई बहिणीमुळे आता कामावर जाऊच शकत नाही, तिची मजुरी बुडते ती कायमची, पण तो भत्ता आमच्यापर्यंत आलेला नाही.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळं खातं काढलं, त्या खात्याकडे माझी मागणी एवढीच, पुढच्या बजेटमध्ये ५० हजारांची अट काढून अडीच लाख करा, पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना दाखल्यातून सूट द्या, आणि अनुदान दोन-तीन महिन्यांचं एकदम न टाकता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला टाका. किराणावाला आणि मेडिकलवाला तारीख बघूनच उधारी देतो.

आपला,
एक वाचक, जि. धाराशिव (सध्या पुणे)