नमुना छापा, पण सुईचं मापही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं क्रोशाचं सदर आम्ही ग्वाल्हेरात आवडीनं वाचतो. छापील अंक आमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून सून मोबाइलवर उघडून देते आणि मी नमुना वहीत उतरवून घेते. थंडीत दुपारी आमच्या गच्चीवर आळीतल्या बायका-मुली विणायला जमतात. मध्यंतरी आपण बाळाच्या टोपीचा नमुना दिलात, तो सगळ्यांनी एकदमच घेतला. एकीची टोपी बाहुलीला बसेल एवढी झाली. दुसरीची तिच्या सासऱ्यांनी घालून पाहिली आणि त्यांना ती बरोबर बसली! टाके दोघींचेही मोजून-मापून नमुन्याप्रमाणे. सुईबद्दल मात्र आपण एवढंच लिहिलं होतं : ‘योग्य जाडीची सुई घ्यावी.’

योग्य म्हणजे किती, हेच तर नवशिकीला ठाऊक नसतं. दुकानात नंबर सांगून भागत नाही. जुन्या इंग्रजी मोजणीत ८ नंबरची सुई म्हणजे ४ मिलीमीटर. अमेरिकन मोजणीत दोऱ्याच्या कामाच्या बारीक स्टीलच्या सुईवर तोच ८ आकडा असला, तर ती जेमतेम दीड मिलीमीटरची. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, हे आणखी उलटं. तेव्हा माप मिलीमीटरमध्येच छापावं. सोबत १० सेंटिमीटरच्या तुकड्यात किती खांब, म्हणजे उभे टाके, आणि किती ओळी बसल्या, तेही द्यावं. विणणारीनं आधी तेवढा तुकडा करून पाहायचा. खांब जास्त बसले तर सुई अर्ध्या मिलीमीटरनं जाड घ्यायची, कमी बसले तर बारीक. तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो, पण अख्खा स्वेटर उसवण्यापेक्षा तो परवडतो.

टोपीला तर याहून सोपी युक्ती आहे. डोक्याचा घेर टेपनं घ्यावा, टोपी जरा ताणून बसायला हवी म्हणून त्यातून २ सेंटिमीटर वजा करावेत आणि ३.१४ नं भागावं. उत्तर येईल तेवढ्या रुंदीची सपाट चकती झाली की टाके वाढवणं थांबवून सरळ खाली विणत जावं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे चकती साडेदहाची. वर्षाच्या बाळाचं ४६ धरलं तर चौदाची. मग सुई कुठलीही असो, लोकर कुठलीही असो, टोपी बाळालाच होते.

चकती सपाट राहत नाही, हे दुसरं रडगाणं. खांबांचा गोल असेल तर पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, असे दर फेरीला १२च वाढवायचे. मुका खांब म्हणजे बुटका टाका, त्याची उंची कमी, म्हणून तिथे ६, १२, १८. कडेला झालर पडायला लागली की समजावं टाके जास्त झाले. वाटीसारखं वर उचललं तर कमी पडले. अशा वेळी पुढच्या फेरीत सावरून घेऊ म्हणू नये, तिथल्या तिथे एक फेरी उसवावी. आणि वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले तर गोलाला कोपरे फुटतात, तेव्हा वाढीची जागा फेरीगणिक थोडी सरकवावी. सुरुवातीला साखळ्या जोडून कडं करतात त्यात मधे भोक राहतं. त्याऐवजी दोऱ्याचाच फास बोटावर घ्यावा, पहिल्या फेरीचे खांब त्यात घालावेत आणि टोक ओढून फास आवळावा. भोक मिटतं, पण ते टोक नंतर नीट ओवून पक्कं करायचं, नाहीतर दोन धुण्यांत पुन्हा उघडतं.

सरळ पट्टीत वेगळीच गंमत होते. मफलर घेतला विणायला आणि दहा ओळींत त्याचा समोसा झाला, असं दर थंडीत कोणी ना कोणी येऊन दाखवतं. कारण बहुधा एकच असतं. ओळ उलटल्यावर ज्या ३ साखळ्या घालतो, त्या पहिल्या खांबाच्या जागी असतात. परत येताना त्या साखळ्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालायचा असतो. तो दिसत नाही, म्हणून राहतो, आणि दर ओळीला एक टाका घटतो. उपाय साधा : साखळ्या घालून झाल्या की तिसरीत लगेच सेफ्टी पिन अडकवायची. ओळीच्या शेवटी पिन आली की खांब तिथेच. ओळीगणिक टाके मोजायचीही मग गरज उरत नाही.

सेफ्टी पिनांची एक डबी जवळ असली की निम्मं काम हलकं होतं. लांब साखळी घालताना दर २० साखळ्यांवर एक पिन लावावी; मधेच फोन वाजला तर पहिल्यापासून मोजावं लागत नाही. शिवाय साखळ्या पाच-सहा जास्तच घालाव्यात. उरलेल्या सुरुवातीच्या गाठीकडून सोडवता येतात, पण एखादी कमी पडली तर सगळंच उसवायचं. आणि साखळीची कड आवळून येत असेल तर साखळीपुरती अर्धा मिलीमीटर जाड सुई घ्यावी, पहिल्या ओळीपासून नमुन्याची.

लोकर घेताना वेष्टनावरचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा आकडा, जुळवून सगळे गुंडे एकदमच घ्यावेत, वर एक जास्तीचा. ट्यूबलाइटखाली दोन्ही निळे सारखेच दिसतात. उन्हात आणलं की पट्टा पडलेला दिसतो. १९०५ पासून भरणाऱ्या आमच्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात लोकर घासाघीस करून घ्यायची सवय आहे सगळ्यांना, पण मेळा उठल्यावर तोच लॉट कुठून आणणार? गुंड्याचा दोरा आतल्या टोकाकडून काढला की गुंडा घरभर पळत नाही. काळी लोकर दिवसाउजेडी, मांडीवर पांढरा टॉवेल घेऊन विणावी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी तर रात्री काळ्याला हातही लावत नाही.

जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांवर जातो. घामेजल्या बोटांत लोकर चिकटते, सुई सरकत नाही. हात धुऊन किंचित पावडर लावावी, नाहीतर सरळ सुती दोऱ्याचं काम काढावं. सुई केसांतून फिरवायची जुनी खोड कितीजणींना आहे, पण डोक्याला तेल असेल तर पांढऱ्या रुमालावर डाग उठलाच म्हणून समजा.

टोकं गाठ मारून कापू नयेत. निदान सहा इंच ठेवून टाक्यांतून एकदा पुढे, एकदा उलट आणि पुन्हा पुढे ओवावीत. चौकोन जोडून दुलई करणाऱ्यांनी तर टोक पुढच्या फेरीच्या टाक्यांखाली दाबतच जावं, नाहीतर शेवटी एवढी टोकं लोंबतात की दुलई वर्षभर ट्रंकेत पडते. सुती रुमाल धुऊन, ओला असतानाच गादीवर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून वाळवावा. ताठ हवा असेल तर साबुदाण्याची पातळ खळ द्यावी. अॅक्रिलिकवर इस्त्री मात्र कधीही फिरवू नये. एकदा लिबलिबीत झालं की ते पुन्हा उभं राहत नाही.

डावखुऱ्या मुलींसाठीही एखादी ओळ असू द्या. त्यांना शिकवताना मी शेजारी न बसता समोर बसते, आरशात पाहिल्यासारखं त्या उचलतात. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना आणखी एक सांगावं लागतं : अमेरिकन बाई ज्याला ‘सिंगल’ म्हणते त्यालाच ब्रिटिश बाई ‘डबल’ म्हणते, आणि दोघींचा तो आपला मुका खांब. सदरात खांब, अर्धा खांब, मुका खांब असंच छापलंत तर हा घोळच होणार नाही.

दिवाळीच्या आधी आपण दरवर्षी तोरणाचा नमुना देता. या वेळी साखळ्या किती हे देण्याऐवजी किती साखळ्यांच्या पटीत हे द्यावं, म्हणजे ‘८ची पट, अधिक ३’ असं काही. ठरावीक १२३ साखळ्यांचं तोरण फ्लॅटच्या दाराला होत असेल. आमच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत एक दार दुसऱ्या दाराच्या मापाचं नाही.

आपली नियमित वाचक,
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर